सेमारांगची कावड

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग नावाचे जुने बंदर आहे. आज ते इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांताची राजधानी आहे. या शहराचा इतिहास सांगताना किल्ले, तह आणि जहाजे यांचीच गणना बहुधा होते. परंतु दप्तरात ज्याची फारशी नोंद झाली नाही असा आणखी एक इतिहास तेथे रस्त्याच्या कडेला शिजतो आणि केळीच्या पानावर वाढला जातो. निरनिराळ्या आळ्यांत मुद्दाम विलग ठेवलेली माणसे एकमेकांच्या हातचे कशी खाऊ लागली, याचा तो इतिहास होय. कोणी कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न आपल्या समाजालाही अपरिचित नाही. म्हणून त्याचे तेथील उत्तर जाणून घेण्यासारखे आहे.

पंधराव्या शतकातील चिनी नौसेनापती चंग हो याचे नाव या किनाऱ्याशी परंपरेने जोडलेले आहे. त्याच्या स्मरणार्थ उभारलेले साम पो कोंग मंदिर सेमारांगमध्ये आजही आहे. पुढे मातारामचा राजा दुसरा आमांगकुरात याने युद्धात डच कंपनीचे साहाय्य घेतले आणि त्या कर्जापायी १६७८ साली सेमारांग कंपनीच्या हाती जाऊ लागले. १७०८ मध्ये कंपनीने या किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे जेपाराहून सेमारांगला हलविले. बंदर वाढले, तशी वस्ती वाढली. पण ती एकत्र नव्हे. डचांचे जुने शहर निराळे, मशिदीभोवतीचे काउमान निराळे, चिन्यांचे पचिनान निराळे, मलायांची वाडी निराळी आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांचे पकोजान निराळे.

या विभागणीमागे केवळ सोय नव्हती, धास्तीही होती. १७४० साली बटाविया येथे हजारो चिन्यांची कत्तल झाली. तिचा वणवा उत्तर किनाऱ्यावर पसरला आणि १७४१ मध्ये जावी व चिनी सैन्यांनी मिळून सेमारांगच्या डच ठाण्याला वेढा घातला. बंड मोडल्यावर चिन्यांना डचांच्या नजरेच्या टप्प्यात वसविण्यात आले. एकोणिसाव्या शतकात तर चिनी माणसाने नेमून दिलेल्या आळीतच राहावे आणि बाहेरगावी जाताना परवाना बाळगावा, असा सक्त नियम होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे निर्बंध क्रमाक्रमाने उठले.

कायद्याने बिऱ्हाडाची जागा ठरविली, तरी भुकेची जागा ठरविता येत नाही. बंदरातला हमाल, गोदीतला कारकून, बाजारकरी बाई, या सर्वांना स्वस्त आणि गरम अन्न हवे होते. ते त्यांच्यापर्यंत नेले पिकुलानने. पिकुलान म्हणजे आपली कावडच. खांद्यावर बांबूची काठी, तिच्या एका टोकाला शेगडी व भांडे, दुसऱ्या टोकाला वाट्या, पाने आणि कच्चा माल. एका माणसाला वाहून नेता येईल इतक्या ओझ्याला ‘पिकुल’ म्हणत. व्यापारात हे सुमारे ६० किलोंचे मापच ठरून गेले होते. फेरीवाल्याला ओरडावेही लागत नसे. शेवयांचा विक्रेता ठोक्यांचा आवाज करीत येई, तर तांदळाच्या पिठाचा वाफाळलेला ‘पुतू’ विकणाऱ्याच्या नळीतून निघणारी वाफ शिटी वाजवी. त्या आवाजावरूनच घरातील मुलांना कोण आले ते कळे.

कावडीच्या जोडीला पुढे चाकांची गाडी आली. अशा विक्रेत्यांना इंडोनेशियात ‘काकी लिमा’, म्हणजे ‘पाच पाय’ म्हणतात. गाडीचे तीन पाय आणि माणसाचे दोन, अशी त्याची फोड लोक करतात. दुसरे मत असे की, दुकानांपुढे पादचाऱ्यांसाठी पाच फूट रुंदीची वाट सोडण्याचा जो नियम रॅफल्सने १८२२ मध्ये सिंगापूरसाठी केला, तशा वाटेवरून हे नाव आले. कारण मलाय भाषेत ‘काकी’ म्हणजे पायही आणि फूटही.

सेमारांगचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे लुम्पिया. गव्हाच्या पातळ पोळीत बांबूचे कोवळे कोंब, अंडे, कोळंबी किंवा कोंबडीचे मांस घालून तिची गुंडाळी करतात आणि ती तशीच मऊ अथवा तळून देतात. कोंब बारीक चिरून उकळावे लागतात, नाही तर त्यांचा उग्र दर्प जात नाही. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात ज्यांच्या घरी या कोंबांची भाजी होते, त्यांना हे निराळे सांगावयास नको. सोबत लसणीचा दाट गोडसर रस, काकडीचे लोणचे, कोवळी कांद्याची पात आणि हिरवी मिरची असते.

परंपरा असे सांगते की, एकोणिसाव्या शतकात फूचिएन प्रांतातून आलेला चोआ थाय यू हा फेरीवाला डुकराचे मांस आणि बांबूचे कोंब भरलेली गुंडाळी विकीत असे. त्याच रस्त्यावर वासिह नावाची जावी स्त्री बटाटा आणि कोळंबी भरलेला गोडसर प्रकार विकीत असे. प्रथम स्पर्धा झाली, मग विवाह झाला, आणि दोन सारणांचे एक सारण झाले. या कथेतील प्रत्येक तपशील दप्तरात सापडेलच असे नाही. परंतु पदार्थाची साक्ष तिला अनुकूल आहे. कोंब आणि पोळी चिन्यांची राहिली, गोडी जाव्यांची आली आणि डुकराचे मांस गळाले. शेजारी मुसलमान होता. त्याला खाता यावे, म्हणून घरच्या पाककृतीतला जिन्नस बदलला गेला. त्यासाठी कोणा अधिकाऱ्याने हुकूम काढला नव्हता.

असाच बदल ‘बाक्सो’ या मांसाच्या गोळ्यांच्या रश्शातही दिसतो. फूचिएनच्या बोलीत ‘बाक’ म्हणजे मांस, आणि नुसते मांस म्हटले की ते डुकराचे. जावात मात्र बाक्सो गोमांसाचा किंवा कोंबडीचा होतो. शब्द राहिला, आतील वस्तू पालटली. ‘ताहू गिंबाल’ ही सेमारांगची आणखी एक ओळख. तिच्यात सोयाबीनच्या दुधाच्या तळलेल्या वड्या चिन्यांच्या, पानात दाबून शिजवलेला भात जावी, कोळंबीचे भजे किनाऱ्यावरचे, आणि वर भुईमूग, मिरची व कोळंबीच्या काळ्या लगद्याची चटणी. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही मुळात अमेरिकेची. स्पेन-पोर्तुगालच्या जलमार्गांनी ती आशियात पसरली. भुईमुगाला इंडोनेशियन भाषेत ‘काचांग तानाह’, म्हणजे जमिनीतले कडधान्य म्हणतात. आपण ‘भुईमूग’ म्हणतो. दोन दूरच्या लोकांनी एकाच नवख्या पिकाला एकाच रीतीने नाव दिले.

शब्दांचा हा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. इंडोनेशियन भाषेत साखरेला ‘गुला’ म्हणतात; तो आपला गूळ होय. जावातील नारळाच्या रसाचा गूळ गोव्यातील माडाच्या गुळाचा सख्खा भाऊ शोभेल. ‘रोती’ शब्द तर आपलाच. गव्हाच्या पिठाला ‘तरीगू’, लोण्याला ‘मंतेगा’, चीजला ‘केजू’ आणि मऊ केकला ‘बोलू’ म्हणतात. हे सारे पोर्तुगीज शब्द गोमंतकीयांना चटकन ओळखू येतील. पकोजानच्या जुन्या मशिदीत रमजानच्या महिन्यात रोज सायंकाळी रोजा सोडण्यासाठी ‘बुबुर इंडिया’, म्हणजे हिंदी पेज वाटली जाते. तांदूळ, नारळाचे दूध, आले, दालचिनी आणि लवंग घालून ती मोठ्या हंड्यात शिजवितात. गुजरातकडून आलेल्या व्यापाऱ्यांची ही प्रथा त्यांच्या वंशजांनी आणि शेजाऱ्यांनी आजवर सांभाळली आहे.

डचांचा वाटाही या पानावर आहे. १० ऑगस्ट १८६७ रोजी सेमारांग ते तांगुंग हा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. इंडोनेशियातील तो पहिला लोहमार्ग. डचांच्या न्याहारीच्या मसालेदार केकवरून स्थानिक लोकांनी दालचिनीचा, वर तीळ लावलेला एक तपकिरी, कडक पाव तयार केला. त्याचे नाव त्यांनी ‘गांजेल रेल’, म्हणजे रुळाखालचे लाकूड, असे ठेवले. रंगाने आणि कडकपणाने तो तसाच दिसे. मालकाच्या पदार्थाची ही थट्टा पुढे इतकी आपलीशी झाली की, १८८१ पासून भरत आलेल्या रमजानपूर्व ‘दुगदेरान’ उत्सवात काउमानच्या मशिदीजवळ हाच पाव भक्तिभावाने वाटला जातो.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न मिटला असे नाही. १९६७ साली इंडोनेशियाच्या सरकारने आदेश काढून चिनी धर्माचार व रूढी घरापुरत्या मर्यादित केल्या. सण रस्त्यावरून नाहीसे झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी ‘मुस्तिका रासा’ हा देशभरातील पाककृतींचा हजारांहून अधिक पृष्ठांचा सरकारी ग्रंथ प्रसिद्ध झाला. चिनी माणसाचा सण आत ढकलला गेला. त्याचा लुम्पिया मात्र बाहेर राहिला, कारण एव्हाना तो सर्वांचा झाला होता. २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तो आदेश रद्द केला. त्यानंतर पचिनानमध्ये आठवड्याच्या अखेरीस रात्रीचा खाद्यबाजार भरू लागला. सरहद्द म्हणून आखलेल्या त्या आळीत आता जावी, चिनी आणि परगावचे लोक एकाच बाकावर बसून जेवतात.

मात्र एका ताटात जेवल्याने द्वेष नाहीसा होतो, असा निष्कर्ष काढणे भोळेपणाचे ठरेल. लुम्पिया खाणाऱ्या देशातच मे १९९८ मध्ये जाकार्ता व अन्य शहरांत चिन्यांची घरे आणि दुकाने जाळली गेली. अन्नाने माणसाला सज्जन केले नाही. त्याने एवढेच केले की, पंक्तिभेद हा निसर्गनियम नव्हे, याचा रोजचा पुरावा रस्त्यावर ठेवला.

आज या रस्त्यांपुढे निराळे संकट आहे. सेमारांगची जमीन खचत आहे आणि ‘रोब’ नावाने ओळखले जाणारे भरतीचे पाणी किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत शिरते. डच वास्तुशिल्पी थॉमस कार्स्टन यांनी उभारलेला जोहार बाजार २०१५ च्या आगीत भस्मसात झाला आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडला. पचिनानमधील एका गल्लीला गांग लोंबोक, म्हणजे मिरचीची गल्ली म्हणतात. तेथे पूर्वी मिरचीचा मळा होता. मळा गेला, आळ्यांचे परवाने गेले, डच गेले. त्या गल्लीत आजही बांबूचे कोंब उकळतात आणि गिऱ्हाइकाला, तो कोणत्या आळीतला हे न विचारता, गरम गुंडाळी दिली जाते.