चित्र ज्याचं त्याचं : संमोहन आणि कल्पनाचित्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

शेजारच्या काकूंना एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं आणि दोन मिनिटांत त्यांनी हातातला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं तेव्हा कपाळ घामानं थबथबलेलं. तंत्रज्ञ भला मुलगा होता. "माताजी, घबराइए मत, बिल्कुल हिलना मत," असं त्यानं चारदा बजावलं होतं. मुलगा नोएडात नोकरीला लागला म्हणून काकू आटपाडीहून इकडे आलेल्या. हिंदी त्यांना कळते, पण त्या वाक्यातले दोनच शब्द आत पोचले होते : घबराना आणि हिलना.

दुसरा पेशंट आत गेला आणि आम्हाला बाकावर अर्धा तास मिळाला. मी मानसशास्त्र शिकवते. वर्गात वापरते ती ठरावीक कल्पना बाहेर काढली. डोळे मिटा, समुद्रकिनारा आहे, लाटा येताहेत... काकूंनी एक डोळा उघडला. "पाण्यात कशाला नेतीस मला?" दुष्काळी भागात जन्म गेलेल्या बाईला मी समुद्रकाठी नेत होते, आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. मग मुकाट्यानं विचारलं, तुम्हीच सांगा कुठं जायचं. "आईच्या सोप्यात." पायाखाली काय आहे? "शेणानं सारवलंय. गार लागतंय." आवाज कसला येतोय? "आई उखळात चटणी कांडतीया." मी एवढंच म्हटलं, की आत ठकठक सुरू झाली की कांडण सुरू झालं असं समजा, कांडण उरकेपर्यंत सोप्यातून उठायचं नाही. दुसऱ्या खेपेला काकू पंचवीस मिनिटं निवांत पडून राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "लई चटणी कांडली गं आज."

हे पुस्तक मराठीत का, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. दिल्लीत या विषयाचं शिक्षण इंग्रजीत होतं, उपचार हिंदीत होतात, आणि पहाडगंज-करोलबागेपासून गुरुग्रामच्या नव्या वसाहतींपर्यंत पसरलेली मराठी माणसं घाबरतात मात्र मराठीत. शब्द दुसऱ्याचे चालतात. चित्र आपलं लागतं, आणि ते बहुधा आपल्या बोलीतच ठेवलेलं असतं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट ओळखली ती आपल्याच शेजारच्या माणसानं. जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच आबे फारिया, 1756 साली गोव्यात बार्देशातल्या कांदोळी गावी जन्मला, बापाबरोबर पोर्तुगालला गेला, रोममध्ये शिकून धर्मगुरू झाला. गोव्यात त्याची एक आख्यायिका सांगतात. लिस्बनजवळच्या राजवाड्यात राणीपुढे प्रवचनाला उभा राहिल्यावर त्याची वाचाच बसली. तेव्हा बापानं हळूच कोकणीत सांगितलं, की ही समोरची मंडळी म्हणजे सगळी भाजी आहे, काप ती भाजी. झालं, जीभ सुटली. आख्यायिका ती आख्यायिका, पण तिची बांधणी पाहा. बापानं 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. दरबाराचा मळा करून टाकला, मुलाच्या हातात विळी दिली, आणि तेही घरच्या भाषेत.

पुढे 1813 पासून फारिया पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यानं आणि प्रयोग करू लागला. तेव्हा युरोपावर मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची छाया होती : उपचारकाच्या हातातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि रोगी बरा होतो, असा समज. फ्रान्सच्या राजानं 1784 मध्ये नेमलेल्या समितीनं (तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते) असा द्रव नाही आणि जे होतं ते कल्पनेनं होतं, असा निर्वाळा दिला, आणि विषय निकालात काढला. फारियानं पुढचा प्रश्न विचारला : कल्पनेनं होत असेल, तर ती कल्पना कोणाची? त्याचं उत्तर असं, की निजणाऱ्याची. समोरच्याला डोळे मिटायला लावून तो मोठ्यानं "झोपा!" म्हणे, पण ही झोप माणसाच्या स्वतःच्या एकाग्रतेतून येते, आपल्या अंगात कसली शक्ती नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. पातळ रक्ताच्या माणसांना ती लवकर लागते, असंही त्याचं मत होतं. ते आपण सोडून देऊ. 1816 मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टिंगल करणारं प्रहसन आलं, 1819 मध्ये तो वारला, त्याचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'तल्या कैद्यामुळे आज नाव तरी टिकून आहे.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, 1945 चा. दोन्ही हात पुढे रोखून उभा फारिया आणि त्याच्यापुढे मागे कलंडणारी स्त्री. शिल्प म्हणून अप्रतिम. सिद्धान्त म्हणून नेमकं उलटं. जन्मभर जे तो नाकारत होता तेच कांशात ओतलं गेलं. आणि तेच चित्र आजही लोकांच्या डोक्यात आहे. संमोहन म्हटलं की मोहिनी, भूल, नजरबंदी, आणि दिल्लीत तर थेट वशीकरण. बसच्या पाठीवर, उड्डाणपुलाच्या खांबांवर 'बाबा बंगाली' यांचे मोबाइल नंबर चिकटवलेले असतात; प्रेमविवाह, सौतन, कोर्टकचेरी, सगळ्यांवर चोवीस तासांत तोडगा. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, नवऱ्यावर करता येईल का?"

'हिप्नॉटिझम' हा शब्द ज्यानं रूढ केला त्या जेम्स ब्रेडलाही पुढे पस्तावा झाला होता. 1843 च्या पुस्तकात त्यानं झोपेच्या ग्रीक शब्दावरून तो आणला, आणि काही वर्षांतच, ही झोप नसून मन एकाच कल्पनेवर खिळणं आहे, म्हणून वेगळा शब्द सुचवला. कोणी ऐकलं नाही. कादंबरी वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात, ती अवस्था संमोहनाच्या जास्त जवळची. मानसपूजा करणाऱ्या आजीला कल्पनाचित्र म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही : गंध, फुलं, धूप, नैवेद्य, सगळं मनातल्या मनात, क्रमानं आणि सावकाश. भक्तीचा भाग वेगळा. अवधान बांधण्याची रीत तीच.

आता दिल्ली. 1956 मध्ये एम्स सुरू झालं आणि त्याच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात बालकृष्ण आनंद आले. हायपोथॅलॅमसमधल्या भूक-केंद्राच्या शोधात ज्यांचं नाव आहे, तेच हे आनंद. छीना आणि बलदेव सिंग यांच्याबरोबर त्यांनी योग्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. 1961 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन योग्यांनी 4 अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, आणि त्या वेळात त्यांच्या मेंदूच्या आलेखावर शांत जागेपणीचा अल्फा ताल अखंड चालू राहिला. घरी फ्रिजमधल्या पाण्यात हात घालून पाहा. दोन-तीन मिनिटांत कळ मनगटापर्यंत चढते. त्याच वर्षी आनंद आणि अमेरिकेतले संशोधक वेंगर व बागची यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणारे योगीही तपासले. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली, पण ईसीजीवर हृदय आपलं चालूच होतं. श्वास कोंडून छातीत दाब वाढवला, की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि नाडी हाताला लागत नाही.

मला या दोन निबंधांची जोडी फार आवडते. एकाच वर्षी, एकाच माणसानं एक दावा मोजून नोंदवला आणि दुसरा मोजून मोडला. या क्षेत्रात येणाऱ्यानं हाच बाणा घेऊन यावं. समाधी आणि संमोहन एकच, असं मी म्हणत नाही. पण वेदना ही कातडीपासून मेंदूपर्यंत आलेली सरळ तार नसते, हे दोन्हींकडून कळतं. 1997 मध्ये माँट्रियलला रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी याच्या उलट प्रयोग केला. कढत पाण्यात हात, वर संमोहनात सूचना, की चटका तेवढाच राहील पण त्याचा त्रास कमी वाटेल, किंवा जास्त वाटेल. त्रासाबरोबर मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातली हालचाल बदलली. चटक्याची जागा नि तीव्रता टिपणारा भाग जवळपास तसाच राहिला. अलीकडे आयआयटी दिल्ली आणि एम्सच्या संशोधकांनी योगनिद्रेत असलेल्यांच्या मेंदूचं एफएमआरआय केलं. 2024 मध्ये आलेल्या त्या निबंधात सरावलेले आणि नवशिके यांच्यात फरक दिसला. मन भटकत असताना जे जाळं एकत्र चालतं, त्याची आपसातली जोडणी सरावलेल्यांत योगनिद्रेच्या वेळी सैल पडलेली होती.

उपयोगाबद्दल थोडक्यात, कारण प्रकरणं पुढे आहेतच. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो आतड्याच्या तक्रारींबाबत : मँचेस्टरच्या व्होरवेल यांचा 'लॅन्सेट'मधला अभ्यास 1984 चा, आणि ब्रिटनच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांत वर्षभर औषधांनी गुण न आलेल्या आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या) रुग्णांसाठी संमोहनाचा पर्याय आहे. शस्त्रक्रियेआधीची धास्ती, दुखणं, झोप यांतही मदत होते. सिगारेट सोडण्यासाठी? 2019 च्या कॉक्रेन आढाव्याला खात्रीलायक पुरावा सापडला नाही, मग जाहिराती काहीही म्हणोत. शिवाय सगळ्यांना ते सारखं साधत नाही. स्टॅनफर्डमध्ये 1959 मध्ये तयार झालेल्या मापनपट्ट्यांनी दाखवलं, की थोड्यांना सहज साधतं, थोड्यांना जवळपास नाहीच, बाकी मधले. न साधणं हा काही मनोबलाचा दोष नव्हे.

एका बाबतीत मी हट्टी आहे. गतजन्मात नेणारे सराव या पुस्तकात नाहीत. संमोहनात आठवणी खऱ्या होत नाहीत, फक्त त्यांच्याबद्दलची खात्री वाढते, आणि त्या खात्रीपायी घरं मोडलेली मी पाहिली आहेत. वास्तवाशी नातं सुटण्याचा आजार असलेल्यांनी, अपस्मार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचे सराव करू नयेत. आणि शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगणाऱ्याकडे जाण्याआधी विचारावं, की मूळ शिक्षण कशाचं? चिकित्सा मानसतज्ज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. तिचा क्रमांक मागायला लाजू नये.

पहिला सराव कैरीचा आहे. मे महिन्यातल्या दिल्लीच्या दुपारी, कूलरसमोर बसून, सावकाश वाचा : हिरवी कैरी, सुरीचा कच्च आवाज, फोडीवर मीठ-तिखट, आणि दात लागतो तो क्षण. तोंडाला पाणी सुटलं तर पुढचं पान उलटा. त्या पानावर छापलेलं काही नाही. वरती फक्त 'माझी जागा' असं आहे. पायाखाली काय लागतं, कसला वास येतो, कोण काय करतंय, ते घरी बोलता तसं लिहा. शुद्धलेखन तपासायचं नाही. काकूंचं पान मी पाहिलं आहे. त्यांनी सोपा लिहिला, उखळ लिहिलं, आणि कडेला बारीक अक्षरात, चटणीला लसूण किती घालायचा तेही.