दिलेलं शेत, पण कसतो कोण?

तूर घरात आली, हरभऱ्याला अवकाश होता, म्हणून फेब्रुवारीत दोन दिवस नाशिकला जाऊन आलो. सगळे विचारतात, "वाईन पिऊन आला का?" वाईनचं शेवटी सांगतो. आधी एका शेताची गोष्ट ऐका.

नाशिकजवळ पांडवलेणी आहेत. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. चोवीसेक लेणी, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंची राहण्याची जागा. आपण मूर्ती बघतो अन् पुढं जातो. पण त्या भिंती म्हणजे चक्क सातबारा आणि पासबुक आहे.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी. २००० नाण्यांना महिन्याला शेकडा एक व्याज, १००० ना शेकडा पाऊण. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशेब करा. २००० चे वर्षाचे व्याज २४०. लेखात २० भिक्षूंना प्रत्येकी १२ नाणी वस्त्रासाठी सांगितलीत. २० गुणिले १२, बरोबर २४०! "शेकडा एक" ही आपल्या गावातली भाषा १९०० वर्षं जुनी आहे. पाऊणसाठी तिथं 'पायून' असा शब्द आहे, तोही आपलाच.

मला खरं थांबवलं ते तिसऱ्या लेण्यानं. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला, आणि राज्याच्या १८ व्या वर्षी छावणीतूनच गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला. पश्चिम कखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आधी उषवदाताकडे होतं, ते भिक्षूंना दिलं. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. सवलतीही दिल्या: राजाच्या माणसांनी तिथं शिरायचं नाही, मिठासाठी खोदायचं नाही, हात लावायचा नाही.

राजाचा हुकूम, त्यावर सवलती, लेख दगडात. आणखी काय पाहिजे?

पण त्याच भिंतीवर २४ व्या वर्षाचा दुसरा हुकूम आहे, राजा आणि राजमातेच्या नावानं. त्याचा मतलब असा: आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही. म्हणून आता नगराच्या शिवेवरची आमच्या मालकीची १०० निवर्तनं देतो.

बघा मंडळी. सहा वर्षांत कागदावरच्या २०० निवर्तनांची किंमत शून्य झाली, आणि वस्तीजवळची निम्मी जमीन तिच्यापेक्षा भारी ठरली. लढायांत गाव उठलं असेल असा माझा अंदाज. एवढा मोठा राजा, पण औताला माणूस नाही तर त्याच्या दानालाही पीक येत नाही.

आपलं वाशिमही यात मागं नाही. ते वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. १९३९ मध्ये सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशिम ताम्रपटसुद्धा गाव दान दिल्याचाच कागद आहे.

आता वाईन. ज्या गोवर्धनच्या अमात्याला हुकूम गेला, त्याच नावाचं गाव गंगापूर धरणाच्या वाटेवर आजही आहे, आणि सुला वायनरी त्याच गोवर्धनच्या शिवारात आहे. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात घरच्या जमिनीवर तिथं वेली लावल्या. २००१ मध्ये राज्य सरकारनं वाईनसाठी धोरण आणलं, तसे कारखाने वाढले. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे पाणी, धोरण, कारखाना आणि बागेत राबणारे हात, हे सगळं एका जागी आलं. गंमत अशी की 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, त्या काळी भडोच बंदरात इटलीची वाईन उतरायची आणि पैठण-तेरचा माल तिकडं जायचा. वाईन मी एक घोट घेतली. तुरट लागली, आपल्याला उसाचा रस बरा.

आता मुद्द्याचं. माझ्या धुऱ्याला लागून सहा एकर तीन वर्षांपासून पडीक आहे. मालक पुण्याला, सातबारा चोख, पण शेतात काँग्रेस गवत कमरेएवढं. त्याचं बी माझ्या सोयाबीनमध्ये येते. मालक ठोक्यानं द्यायला तयार आहे, पण भाव चांगल्या कसलेल्या जमिनीचा मागतो. मी त्याला फोनवर कखडीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "भाऊ, शेताची किंमत कागदात नसते, वहितीत असते. पहिलं वर्ष साफसफाईचं धरा, ठोका निम्मा करा. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण देतो." तो हसला. पाडव्यापर्यंत सांगतो म्हणाला.

अनसिंगच्या आजूबाजूला अशी किती शेतं पडून आहेत, तुमच्या शिवारात किती, आणि तुमच्याकडे ठोका कसा ठरतो, ते खाली लिहा. पाडव्याआधी मला भाव ठरवायला कामी येईल.