घाना : चौथ्या प्रजासत्ताकाची राज्यघटना आणि तिची गाठ

गेल्या काही वर्षांत पश्चिम आफ्रिकेत लष्कराने सरकारे उलथवण्याचा सपाटाच लावला आहे. मालीत २०२० मध्ये आणि लगेच २०२१ मध्ये, बुर्किना फासोत २०२२ या एकाच वर्षात दोनदा, नायजरमध्ये २०२३ मध्ये. बुर्किना फासोच्या दक्षिणेला लागूनच घाना आहे. तेथे मात्र १९९२ पासून दर चार वर्षांनी मतदान होते. हरलेल्या पक्षाने खुर्ची सोडून दिली असे २००० पासून चार वेळा घडले. घानाचे लोक शहाणे आणि शेजारी अडाणी, असे याचे कारण कोणी देत असेल तर तो इतिहास विसरतो. १९६६ ते १९८१ या पंधरा वर्षांत घानातही पाच वेळा लष्कराने सत्ता घेतली होती.

इंग्रजांची गोल्ड कोस्ट ही वसाहत ६ मार्च १९५७ रोजी घाना या नावाने स्वतंत्र झाली. १ जुलै १९६० रोजी पहिले प्रजासत्ताक आले आणि क्वामे एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले. स्वातंत्र्यलढ्याचा हा नायक १९६४ मध्ये जनमत घेऊन देश एकपक्षीय करून बसला. दोन वर्षांनी लष्कराने त्यांना हटवले. १९६९ चे दुसरे प्रजासत्ताक आपल्यासारख्या संसदीय पद्धतीचे होते, पंतप्रधान कोफी बुसिया. ते १९७२ पर्यंतच टिकले. १९७९ चे तिसरे अध्यक्षीय पद्धतीचे, ते सव्वादोन वर्षांत संपले. ३१ डिसेंबर १९८१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज यांनी सत्ता घेतली आणि पुढची अकरा वर्षे राज्यघटनेविना राज्य केले.

आजची राज्यघटना २८ एप्रिल १९९२ च्या जनमताने मंजूर झाली आणि ७ जानेवारी १९९३ पासून अमलात आली. २६ प्रकरणे, २९९ कलमे. आधीच्या अनुभवाची धास्ती तिच्या पानापानांत दिसते. कलम ३ म्हणते की संसदेला एकपक्षीय राज्य आणणारा कायदाच करता येणार नाही. राज्यघटना बळाने उलथवणे हा राजद्रोह, आणि तिचे रक्षण करणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आणि कर्तव्यही. महत्त्वाची कलमे बदलायची तर संसदेचे बहुमत पुरत नाही. जनमत घ्यावे लागते, त्यात किमान ४० टक्के मतदारांनी मतदान करावे लागते आणि मत देणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बाजूने असावे लागतात. याचा एक विचित्र परिणाम असा की २०२३ मध्ये संसदेने फाशीची शिक्षा रद्द केली, तरी राजद्रोहासाठी ती शिल्लकच राहिली, कारण ती थेट राज्यघटनेत लिहिलेली आहे.

राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा. त्याला निम्म्याहून अधिक मते हवीत, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. २००८ मध्ये जॉन अटा मिल्स अशा दुसऱ्या फेरीत सुमारे ४० हजार मतांनी जिंकले. एकूण मते नव्वद लाख, एवढ्या निसटत्या फरकानेही सत्ता शांतपणे बदलली. मुदत चार वर्षे, आणि एका माणसाला दोनच वेळा. संसद एकाच सभागृहाची. २०२० च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांना १३७-१३७ जागा आणि एक अपक्ष असा निकाल लागला, सभापती विरोधी पक्षाचा निवडून आला आणि सरकारला प्रत्येक विधेयकासाठी घाम गाळावा लागला. असे क्वचितच घडते. एरवी कलम ७८ मुळे संसद राष्ट्राध्यक्षाच्या मुठीत राहते. हे कलम म्हणते की बहुसंख्य मंत्री खासदारांतूनच घ्यायचे. म्हणजे सरकारवर लक्ष ठेवायचे ज्याने, त्यालाच मंत्रिपदाची आस. मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा नाही. २०१७ मध्ये नाना अकुफो-अडो यांनी उपमंत्री धरून ११० जणांचे मंत्रिमंडळ केले होते. माझ्या मते या राज्यघटनेतला हा सर्वांत महागडा दोष आहे.

न्यायालयाची बाजू मात्र चळवळीतल्या तरुणांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कलम २ नुसार एखादा कायदा वा सरकारी कृती राज्यघटनेविरुद्ध आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकते. १९९३ मध्ये विरोधी एनपीपी या पक्षाने पोलिसप्रमुखांविरुद्ध असाच दावा लावला. मोर्चाला पोलिसांची परवानगी हवी, असा लष्करी राजवटीतला १९७२ चा हुकूम तेव्हाही चालू होता. न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर १९९४ च्या कायद्याने पाच दिवस आधी पोलिसांना कळवणे बंधनकारक केले, पण कळवणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. त्याच पक्षाने आणखी एक खटला जिंकला. ३१ डिसेंबर हा रॉलिंग्ज यांच्या उठावाचा दिवस सरकारी पैशाने साजरा करणे राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष खुद्द रॉलिंग्जच होते!

सहाव्या प्रकरणात राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हे नाव आपल्या ओळखीचे. भारताच्या संविधानात ती चौथ्या भागात आहेत, आणि न्यायालयात त्यांची अंमलबजावणी मागता येत नाही असे कलम ३७ स्पष्ट सांगते. बाबासाहेबांनी संविधान सभेत या तत्त्वांची बाजू मांडली तेव्हाही हाच आक्षेप त्यांच्यासमोर होता. घानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये लॉटरीचालकांच्या खटल्यात वेगळी वाट धरली. एखादे तत्त्व न्यायालयात मागण्याजोगे नाही असे त्याच्या शब्दांतूनच दिसत नसेल, तर ते मागता येते असेच धरावे, असे न्यायालय म्हणाले.

कलम १७ वंश, धर्म, लिंग यांबरोबर सामाजिक वा आर्थिक दर्जावरूनही भेदभाव करण्यास बंदी घालते. कलम २६ माणसाला हीन करणाऱ्या रूढी बेकायदा ठरवते. वोल्टा भागात कुटुंबातल्या कोणाच्या तरी अपराधाची भरपाई म्हणून कोवळ्या मुली देवस्थानाला वाहण्याची त्रोकोसी नावाची प्रथा होती. देवदासी प्रथेविरुद्धची लढाई माहीत असलेल्या वाचकाला आणखी सांगायला नको. १९९८ मध्ये तिला फौजदारी गुन्हा ठरवून किमान तीन वर्षांची कैद ठेवण्यात आली.

त्याच राज्यघटनेने परंपरागत राजेही सांभाळले आहेत. बाविसावे प्रकरण त्यांचेच. राष्ट्रीय राजेसभा आहे, मात्र राजाला पक्षीय राजकारण करता येत नाही. गादीच्या जमिनींच्या उत्पन्नातून व्यवस्थापनाचा दहा टक्के खर्च वजा केल्यावर ५५ टक्के जिल्हासभेला जातात, उरलेले गादीला आणि पारंपरिक परिषदेला. जिल्हासभाही पक्षविरहित, आणि तिथे लोकशाही अर्धीच उतरली आहे. ३० टक्के सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि जिल्ह्याचा मुख्याधिकारीही तोच सुचवतो. यावर डिसेंबर २०१९ मध्ये जनमत घ्यायचे ठरले होते, पण पक्षांत एकमत न झाल्याने ऐनवेळी ते रद्द झाले.

आता ती गाठ. राज्यघटनेच्या शेवटी संक्रमणकालीन तरतुदी जोडलेल्या आहेत. त्यांतील चौतिसावी म्हणते की लष्करी राजवटींच्या सदस्यांवर त्या काळातल्या कृत्यांसाठी कोणताही खटला चालणार नाही. सदतिसावी म्हणते की ही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेलाही नाही. ३० जून १९८२ च्या रात्री तीन न्यायाधीश आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी यांना घरातून उचलून नेऊन ठार मारण्यात आले होते. त्यात एक महिला न्यायाधीश होत्या. या खुनांसाठी काही जणांना १९८३ मध्ये मृत्युदंड झाला, पण त्या काळातील इतर असंख्य छळांच्या तक्रारी तशाच राहिल्या. पुढे जॉन कुफुओर यांच्या सरकारने राष्ट्रीय समेट आयोग नेमला. चार हजारांहून अधिक लोकांनी आपली कैफियत त्याच्यापुढे मांडली. रॉलिंग्जही २००४ मध्ये साक्षीला आले. आयोगाने नुकसानभरपाईची शिफारस केली. त्या राजवटींच्या कोणा सदस्याला त्याच्या कृत्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात आणण्याचा मार्ग मात्र चौतिसाव्या तरतुदीने बंदच ठेवला होता, आणि ती तरतूद आजही तिथेच आहे.