ब्राउझरच्या खिशातली चिठ्ठी

१९९४ सालचा उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथं, पुढे नेटस्केप या नावानं गाजलेली कंपनी आपला पहिला ब्राउझर तयार करत होती. एमसीआय ही दूरसंचार कंपनी तिची ग्राहक. एमसीआयला इंटरनेटवर दुकान उभारायचं होतं, पण वेबला स्मरणशक्तीच नव्हती. पान मागितलं, पान मिळालं, संबंध संपला. त्याच माणसानं पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलं, तरी सर्व्हरच्या लेखी तो अनोळखीच. अशा दुकानात गिऱ्हाइकानं साबण निवडून तेलाकडे वळावं, तर तेवढ्यात साबण विसरला जायचा. शिवाय अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसायची एमसीआयची तयारी नव्हती.

हे कोडं नेटस्केपचा अभियंता लू मॉन्टुली यानं सोडवलं. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणं हा सोपा मार्ग होता. तो त्यानं जाणूनबुजून टाळला, कारण त्या एका क्रमांकावरून कुठल्याही दोन संकेतस्थळांना एकाच माणसाची माहिती जुळवता आली असती. त्याऐवजी त्यानं चिठ्ठीची युक्ती काढली. दुकानानं चिठ्ठी लिहून ब्राउझरच्या खिशात ठेवायची. पुढच्या भेटीत ब्राउझर ती फक्त त्याच दुकानाला दाखवणार. युनिक्सवर काम करणारे प्रोग्रामर अशा जशाच्या तशा परत करायच्या माहितीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून चिठ्ठीचं नाव पडलं कुकी. ‘हा वाचक आधी येऊन गेला आहे का?’ एवढं पाहण्यासाठी नेटस्केपनं ती आपल्याच संकेतस्थळावर पहिल्यांदा वापरली.

मात्र वेबचं पान एकाच ठिकाणाहून येतं असं नाही. मजकूर वर्तमानपत्राचा असतो आणि त्यातली जाहिरातीची चौकट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. चौकटीतलं चित्र मागवताना ब्राउझर त्या कंपनीशीही बोलतो, तिची चिठ्ठी घेतो आणि आपण कुठल्या पानावर आहोत हेही सहसा सांगून टाकतो. सकाळी बातम्या, दुपारी मधुमेहाची माहिती, संध्याकाळी प्रवासाचं तिकीट. तिन्ही पानांवर त्याच कंपनीची चौकट असेल, तर तिन्ही वेळा तीच चिठ्ठी तिच्यापुढे येते. एका दुकानासाठी केलेली सोय अशी सगळ्या बाजारपेठेची वही झाली. याच पायावर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्या वाढल्या.

वाचकांना याचा पत्ताच नव्हता. फेब्रुवारी १९९६मध्ये लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’नं कुकीवर लेख छापला आणि चर्चा पेटली. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे हा विषय आला. दरम्यान, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था कुकीचं नियमपत्रक तयार करत होती. डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः मॉन्टुली यांनी लिहिलेलं ते पत्रक फेब्रुवारी १९९७मध्ये ‘आरएफसी २१०९’ म्हणून प्रसिद्ध झालं. तिऱ्हाइताची कुकी मुळातच बंद असावी, वापरणाऱ्यानं ठरवलं तरच सुरू व्हावी, असा त्याचा रोख होता.

नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते मानलं नाही.

वाट अडवली तर जाहिरातदार याहून छुपी साधनं शोधतील, कुकी निदान वापरणाऱ्याला दिसते आणि पुसता येते, असं मॉन्टुलीनं पुढे या निर्णयाचं समर्थन केलं. युक्तिवादात तथ्य होतं. पण ती पुसता येते हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं आणि तेवढ्या काळात पाळत हाच जाहिरातीचा धंदा होऊन बसला.

धंद्याची भूक किती, हे १९९९ साली दिसलं. डबलक्लिकनं अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. टपालानं मागवलेल्या वस्तूंवरून कोणतं कुटुंब काय विकत घेतं, याच्या नावापत्त्यासह नोंदी तिच्याकडे होत्या. निनावी चिठ्ठीला नाव-पत्ता जोडण्याचा बेत उघड होताच गदारोळ उठला, फेडरल ट्रेड कमिशननं चौकशी सुरू केली आणि मार्च २०००मध्ये डबलक्लिकला पाऊल मागे घ्यावं लागलं. २००८ साली ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरना गूगलकडे गेली.

त्यानंतर युरोपीय संघानं २००९ साली नियम दुरुस्त करून संमती सक्तीची केली. ‘कुकीज स्वीकारा’ या पाट्यांचं मूळ तिथे आहे. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय माणसाला मिळायला हवा.

ब्राउझरांपैकी सफारीनं २०२० साली तिऱ्हाइतांच्या कुकीज पूर्ण अडवल्या. गूगलनंही त्याच वर्षी क्रोममधून त्या दोन वर्षांत हटवू असं जाहीर केलं, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि २०२४मध्ये बेत सोडून दिला. क्रोममध्ये त्या बंद करण्याची सोय आहे. वापरणाऱ्यानं सेटिंग्जमध्ये जाऊन ती स्वतः शोधायची असते.