मोहोर, दप्तर आणि दवंडी
समाजमाध्यमांविषयीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक समज दृढ होत चालला आहे. ज्या जाळ्यावर जाहिराती येतात तें आपल्या खासगी गोष्टी विकून पोट भरतें, आणि ज्यावर त्या येत नाहींत तें निर्मळ असतें, असा तो समज. त्यामुळें एखाद्या नव्या जाळ्याचें आमंत्रण आलें आणि त्याच्या दारावर ‘येथें जाहिरात नाहीं’ अशी पाटी दिसली, कीं पुष्कळ जण फारशी चौकशी न करितां आंत शिरतात. हा समज अगदींच निराधार नाहीं. परंतु तो अर्धा आहे, आणि अर्ध्या सत्यावर विसंबून राहणें कधीं कधीं फार महाग पडतें. खानदेशानें ही किंमत एकदां मोजली आहे. आपला खासगी मजकूर परक्याच्या हातीं सोंपवावा कीं नाहीं, हा प्रश्नही कांहीं आजचा नव्हे. तो आपल्या वाडवडिलांपुढें निरनिराळ्या रूपांनीं आला होता. त्यांनीं त्याचा विचार कसा केला हें पाहिलें म्हणजे आपणांस काय विचारावयाचें तें अधिक स्पष्ट होईल.

टपालापासूनच आरंभ करूं. पेशवाईंत पत्रें जासुदांच्या हातून जात. सावकारांच्या पेढ्यांची डाक निराळी असे. जासूद हा धन्याच्या पदरचा माणूस. पत्राच्या सुरक्षिततेची हमी म्हणजे त्याचें इमान आणि लखोट्यावरची मोहोर, एवढीच. कंपनी सरकारनें १८३७ च्या कायद्यानें टपाल सर्वांस खुलें केलें, आणि त्याबरोबरच पत्रें वाहण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. पुढें १८५४ सालीं अर्ध्या आण्याच्या तिकिटांत पाव तोळा वजनाचें पत्र हिंदुस्थानांत कोठूनही कोठें जाऊं लागलें. धुळ्याच्या वकिलाचें पत्र आणि यावलच्या शेतकऱ्याचें पत्र एकाच थैलींत, एकाच दरानें जाऊं लागलें, ही लहान क्रांति नव्हे. या व्यवस्थेंत जाहिरातीचा संबंध नव्हता. खर्च पत्र पाठविणाराच तिकिटाच्या रूपानें देत असे. तरी पत्र सर्वथा खासगी राहिलें काय? १८८५ च्या तारेच्या कायद्याच्या ५ व्या कलमानें आणि १८९८ च्या टपालाच्या कायद्याच्या २६ व्या कलमानें सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव निरोप व पत्रें अडविण्याचा अधिकार सरकारनें राखून ठेविला. या दोन्ही कायद्यांची जागा घेणारे नवे कायदे २०२३ सालीं झाले. अधिकार मात्र त्यांतही राहिला आहे. खर्च कोण करतो, हा एक प्रश्न झाला. लखोटा कोण उघडूं शकतो, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर समाधानकारक मिळालें म्हणून दुसरा विचारण्याचें कारण उरत नाहीं, असें होत नाहीं.

दुसरा अध्याय दप्तरांचा, आणि तो तर धुळ्याच्या अगदीं घरचा आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें जन्मभर गांवोगांव हिंडून ते जुन्या घराण्यांचीं दप्तरें मिळवीत राहिले. हें काम म्हणजे केवळ कागद गोळा करणें नव्हतें. माळ्यावरच्या रुमालांत सनदा असत, तशींच कर्जखतें असत, वांटणीचे तंटे असत, दत्तकाचे वाद असत, आणि ज्यांचीं नांवें घरांत मोठ्यानें घेतलीं जात नसत अशा माणसांचे उल्लेखही असत. असा रुमाल परक्यापुढें सोडावयाचा म्हणजे घराण्याची अब्रू त्याच्या हातीं द्यावयाची. त्यांतही आणखी एक जुना सल होता. १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनास बळकटी आली, तेव्हां इनामदारांस आपले कागद सरकारपुढें मांडावे लागले, आणि पुरावा अपुरा ठरला त्यांचीं इनामें गेलीं. कागद दाखविले म्हणजे जमीन जाते, ही धास्ती त्या पिढीनें पुढच्या पिढीस वारशानें दिली असल्यास नवल नाहीं. ज्याच्या हातीं एकदां आपलें दप्तर पडून पोळलें, तो पुढें ताकही फुंकून पिणारच.

राजवाड्यांच्या मागें सरकारी हुकूम नव्हता, पैशाचें आमिष नव्हतें, आणि मिळालेल्या कागदांतून त्यांस स्वतःची तुंबडी भरावयाची नव्हती. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांच्या कामांत जाहिरात नव्हती. परंतु तेवढ्यानेंच शंकेचें समाधान होण्याजोगें नव्हतें. संग्राहक स्वतः निःस्पृह असला तरी त्याच्या पश्चात् कागदांचें काय, हा प्रश्न उरतोच. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन करण्यांत राजवाडे पुढें होते. परंतु त्यांचा स्वभाव तापट, आणि अखेरच्या काळांत ते धुळ्यास येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. धनी गेला, कागद उरले. अशा वेळीं संग्रह उधळावयास वेळ लागत नाहीं. धुळेकरांनीं तसें होऊं दिलें नाहीं. १९२७ सालीं त्यांनीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापिलें आणि एका माणसावरचा विश्वास एका संस्थेच्या स्वाधीन केला. त्याच गांवीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थसंप्रदायाच्या मठामठांतून मिळविलेलीं हस्तलिखितें श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत सुरक्षित ठेविलीं. या दोन संस्थांकडे पाहिलें म्हणजे ठेव ठेवणाऱ्यानें विचारावयाचा तिसरा प्रश्न हातीं येतो: धनी बदलला किंवा नाहींसा झाला तर माझ्या ठेवीचें काय?

हे तीन प्रश्न घेऊन आतां आपल्या काळाकडे वळूं. व्हॉट्सअ‍ॅप हें जाळें ब्रायन ऍक्टन व यान कूम यांनीं २००९ सालीं अमेरिकेंत काढलें. जाहिरात घ्यावयाची नाहीं, हें त्यांचें ब्रीद होतें, आणि २०१२ सालीं त्यांनीं तें कारणांसह जाहीरही केलें. खर्चासाठीं वर्षास एक डॉलर वर्गणी ठेवण्याची त्यांची रीत होती. म्हणजे पहिल्या प्रश्नाचें उत्तर जुन्या अर्ध्या आण्यासारखेंच सरळ होतें. २०१४ सालीं फेसबुकानें सुमारें १९०० कोटी डॉलरांस हें जाळें विकत घेण्याचा करार केला. धनी बदलला. २०१६ च्या जानेवारींत वर्गणी सोडण्यांत आली. त्याच वर्षाच्या एप्रिलांत प्रत्येक संदेशास पाठविणारा व घेणारा यांच्यावांचून कोणासही उघडतां न येणारी मोहोर लागली, हें खरें. पण ऑगस्टांत ग्राहकांचे दूरध्वनिक्रमांक फेसबुकास देण्याचें धोरणही जाहीर झालें. लखोटा बंद राहिला. ग्राहकांच्या क्रमांकांची वही मात्र नव्या धन्याच्या पेढीशीं जोडली गेली. दोन्हीकडचीं खातीं जुळवितां येणार नाहींत असें खरेदीच्या वेळीं फेसबुकानें युरोपीय आयोगास सांगितलें होतें. तें दिशाभूल करणारें होतें असें ठरवून आयोगानें २०१७ सालीं त्यास ११ कोटी युरो दंड केला. मूळ संस्थापक एकेक करून निघून गेले. २०२१ च्या आरंभीं नवें धोरण आलें तेव्हां आपल्याकडेही मोठी खळबळ उडाली, आणि त्या प्रकरणीं भारतीय स्पर्धा आयोगानें २०२४ च्या नोव्हेंबरांत २१३ कोटी १४ लक्ष रुपयांचा दंड ठोठाविला. शेवटीं २०२५ च्या जूनमध्यें त्या जाळ्याच्या एका दालनांत जाहिराती येणार असल्याचेंही जाहीर झालें. ब्रीदाचें आयुष्य असें सोळा वर्षांचें ठरलें.

याचा अर्थ सगळीं वचनें खोटींच असतात असा नव्हे. वचन देणारे बहुधा प्रामाणिकच असतात. परंतु वचन माणसाचें असतें आणि जाळें भांडवलाचें असतें. एलो नांवाच्या जाळ्यानें २०१४ सालीं जाहिरात न घेण्याचें वचन आपल्या घटनेंतच लिहून ठेविलें होतें. तें जाळें पुढें दुसऱ्या मंडळीच्या हातीं गेलें आणि २०२३ सालीं बंदच पडलें. त्यांत ज्यांचीं चित्रें व लेख होते त्यांस तीं वाचविण्यास सवडही फारशी मिळाली नाहीं. तेथें वचन मोडलें असें म्हणतां येणार नाहीं. वचन पाळणाराच उरला नाहीं. उलट, ऍक्टन यांनीं २०१८ सालीं ५ कोटी डॉलर घालून सिग्नलसाठीं नफा न घेणारी संस्था उभी केली, ती देणग्यांवर चालते. मॅस्टडॉन हें २०१६ पासूनचें जाळें तर अनेक लहान चालकांत वांटलेलें आहे. पण तेथील खासगी निरोपांस व्हॉट्सअ‍ॅपसारखी मोहोर नसते, आणि चालकानें मनांत आणलें तर तो ते वाचूं शकतो. म्हणजे जाहिरात नसणें, मोहोर असणें आणि धनी टिकाऊ असणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक दिसली म्हणून बाकीच्या दोन गृहीत धरूं नयेत.

येथपर्यंत सांगितलें तें ठेव ठेवणाऱ्याच्या हिताचें झालें. परंतु या इतिहासाचें सर्वांत दुःखद पान याहून निराळें आहे, आणि तें साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं लिहिलें गेलें. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं, मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें तालुक्याकडचीं कांहीं माणसें भिक्षेसाठीं तेथें आलीं होतीं. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत दूरध्वनीवरून हातोहात फिरत होती. जमावानें त्यांतील पांच जणांस ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून मारमारून ठार केलें. त्याच रात्रीं जवळच्या मालेगांवांतही असाच जमाव जमला होता. तेथें पोलिसांनीं वेळेवर येऊन माणसें वाचविलीं. त्या काळीं देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकीं एक तर मुळांत कराचीच्या एका संस्थेनें मुलांच्या सुरक्षिततेसाठीं केलेली जाहिरात होती. शेवटचा खुलासा कापून टाकल्यामुळें ती खऱ्या अपहरणाचा पुरावा भासूं लागली. ज्या जाळ्यावर जाहिरात नाहीं म्हणून आपण निश्चिंत होतों, त्यावरून शेपूट तोडलेली एक जाहिरातच विष होऊन फिरली.

या अनर्थाचें कारण मोहोर होती काय? सरकारपक्षाचें म्हणणें साधारणतः असेंच पडलें. २०२१ च्या फेब्रुवारींतील नियमांनीं अशी अट घातली कीं, न्यायालयानें वा अधिकाऱ्यानें मागितल्यास संदेशाचा मूळ कर्ता कोण हें मोठ्या जाळ्यांनीं दाखवून द्यावें. असें करावयाचें तर प्रत्येकाचा लखोटा खुणावून ठेवावा लागेल, असें म्हणून व्हॉट्सअ‍ॅपनें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत दिल्लीच्या उच्च न्यायालयांत धांव घेतली. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. अफवा उठविणारा बंद लखोट्याआड लपतो, हें खरें. आणि सर्वांचे लखोटे उघडे केले तर छळलेली सून, आजारी माणूस, पत्रकार आणि अशील यांचा आडोसा जातो, हेंही तितकेंच खरें. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे, तो कांहीं केवळ श्रीमंतांच्या सोयीसाठीं नव्हे.

आमच्या मतें घोटाळा मोहोरेंत नसून दोन भिन्न वस्तूंच्या मिश्रणांत आहे. जुन्या गांवगाड्यांत पत्र आणि दवंडी या वेगळ्या गोष्टी होत्या. पत्र एकानें एकास लिहावयाचें, म्हणून त्यास मोहोर. दवंडी सर्वांस ऐकवावयाची, म्हणून ती उघड्यावर. ती पिटणारा गांवास ठाऊक असे, आणि ती कोणाच्या हुकुमावरून आहे हेंही तिच्यांतच सांगितलेलें असे. खोटी दवंडी पिटली तर कोणास धरावयाचें हें पोरासोरांसही कळे. नव्या जाळ्यानें दवंडीला पत्राची मोहोर लाविली. शेंकडों जणांस जाणारा मजकूर आत्याबाईंच्या निरोपाच्या वेषांत येऊं लागला, आणि आत्याबाईंवरचा विश्वास त्या अनोळखी मजकुरास फुकट मिळाला. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपनें पुढें ढकललेल्या मजकुरास तशी खूण लाविली आणि भारतांत तो एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येणार नाहीं असें जाहीर केलें. २०२० सालीं फार फिरलेल्या मजकुरास ही मर्यादा एकावर आणिली. लखोटा न फोडतां दवंडीचा आवाज कमी करण्याचा हा मार्ग आम्हांस सर्वांचे लखोटे खुणावण्यापेक्षां अधिक न्याय्य वाटतो. मात्र तो पांच जीव गेल्यावर सुचला.

जाळें लहान आणि परिचितांचें असेल तर पत्र व दवंडी यांचा मेळ बसूं शकतो, याचेंही उदाहरण खानदेशांतच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते. तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं ते हस्तलिखित दैनिक चालवीत. तेथें जाहिरात नव्हती. परंतु त्याचें खरें बळ त्यांत नव्हतें. लिहिणारा कोण आणि वाचणारे कोण हें दोघांसही ठाऊक होतें, आणि लिहिलेल्या शब्दाबद्दल दुसऱ्या दिवशीं वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागे, यांत होतें.

तेव्हां नव्या जाळ्याच्या उंबरठ्यावर गृहस्थानें व गृहिणीनें काय विचारावें? खर्च कोण करतो. लखोटा कोण उघडूं शकतो. लखोट्यावरील नांवांची वही कोणाकडे राहते. धनी बदलला तर आपली ठेव परत मिळते कीं नाहीं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला आहे. त्याचा आधार घ्यावा, पण विचारण्याचें काम कायद्यावर सोंपवूं नये. याखेरीज एक प्रश्न स्वतःस विचारावयाचा असतो, आणि तोच बहुधा राहून जातो. जाळ्यांत शिरतांना आपण आपली सारी नांवांची यादी त्यास उघडून देतों. तींत मावशीचा क्रमांक असतो, वैद्यांचा असतो, शेजारच्या लेकीचा असतो. त्यांस कोणीं विचारलेलें नसतें. दप्तराचा रुमाल सोडणाऱ्या जुन्या घरधन्यास ही जाणीव होती, कीं यांतील सगळेंच कागद माझे एकट्याचे नव्हेत. तो कचरत असे तो पुष्कळदां त्यामुळेंच, आणि त्या संकोचास आपण मागासलेपणा समजतों. वास्तविक तो दुसऱ्याच्या अब्रूविषयींचा आदर होता. नव्या जाळ्यांत खुशाल जावें. परंतु हा संकोच बरोबर घेऊन जावा, आणि जो मजकूर आपण स्वतःच्या नांवानें चव्हाट्यावर उभे राहून सांगणार नाहीं, तो मोहोरेआडूनही पुढें धाडूं नये.