सुरतेचा किल्ला, अंगणातला

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात नरकासुर उभे राहतात, तेव्हा घाटापलीकडे अंगणोअंगणी मातीचे किल्ले सजलेले असतात. त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड यांचीच गर्दी. सुरतेचा किल्ला क्वचितच कोणी करायला घेतो. तो शिवरायांच्या ताब्यात कधी आला नाही. जानेवारी १६६४ मध्ये शहर लुटले गेले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. गोमंतकीयांचा मात्र त्याच्याशी जुना संबंध आहे. आंतोनियो द सिल्वेरा याने १५३० मध्ये सुरत जाळली आणि अशा पोर्तुगीज स्वाऱ्यांना आवर घालण्यासाठीच गुजरातच्या सुलतानाने, तिसऱ्या महमूदशहाने, १५४० च्या दशकात खुदावंदखानाकरवी तापीकाठी हा भुईकोट बांधून घेतला.

प्रतिकृतीसाठी तो उत्तम विषय आहे. डोंगर रचावा लागत नाही. चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज, एका अंगाला नदी, उरलेल्या बाजूंना खंदक. बुरुजांची उंची सुमारे १२ मीटर. माणूस अडीच सेंटिमीटरचा धरला तर बुरूज १८ सेंटिमीटरचा होतो. बाजारातले मावळे या मापात बसत नाहीत. ते तटापेक्षा उंच दिसतात, हा आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांचा जुनाच विनोद. म्हणून माणसे, तोफा, पडाव, बंदरावरचे कापडाचे गठ्ठे आणि निळीच्या पेट्या घरीच घडवाव्यात. त्यासाठी पॉलिमर क्ले सोयीची.

नावात क्ले असली तरी ती माती नव्हे. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर यांचा तो लगदा असतो. हवेत ती वाळत नाही. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजल्यावर पक्की होते. पाकिटावरचे तापमान प्रमाण मानावे. सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास लागतो. ओटीजीचा काटा अनेकदा खोटे बोलतो, म्हणून आत ओव्हनचा वेगळा तापमापक ठेवावा. मायक्रोवेव्ह चालत नाही. तापमान फार वाढले तर क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. तसे झालेच तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना खोलीबाहेर काढावे. घडवणे मुलांचे, भाजणे मोठ्यांचे. आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत.

अख्खा बुरूज क्लेचा करणे महाग पडते, शिवाय जाड गोळा भाजताना तडकतो. पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर किंवा घट्ट चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलवर तीन-चार मिलिमीटरचा थर पुरतो. थर्माकोल वापरू नये. कच्च्या क्लेतले प्लॅस्टिसायझर त्याला विरघळवते. ओल्या थरावर चुरगळलेल्या फॉइलची गोळी दाबली की घडीव दगडाचा खडबडीतपणा उमटतो. आपल्याकडचा जांभा दाबून पाहावा. छिद्रे सुरेख येतात, पण सुरतेपेक्षा आग्वादची आठवण होते! सांधे सुरीच्या पाठीने कोरावेत. या तटाचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत वितळलेले शिसे ओतले होते असे सांगतात. हौशी माणसाने तेवढ्यासाठी करड्या क्लेच्या बारीक वळ्या सांध्यांत बसवाव्यात. पांढरा रंग आधी मळावा, कारण हाताला लागलेला काळा रंग आणि धूळ तो लगेच टिपतो. भाजून गार झाल्यावर पातळ तपकिरी ॲक्रिलिक रंग फासून फडक्याने पुसला की भेगांत जुनेपणा उरतो. नखांचे पॉलिश किंवा कुठलाही स्प्रे लावू नये. पृष्ठभाग कायमचा चिकट राहू शकतो.

जमीन, नदीचा काठ आणि खंदक मात्र खऱ्या मातीचेच असू द्यावेत. १६६४ मध्ये सुरत शहराभोवती भिंत होती ती मातीचीच, विटांची नंतर आली. ती हाताने थापावी, वर अळीव पेरावे. दिवाळी सरल्यावर माती बागेत परत जाते, पण पॉलिमर क्ले प्लास्टिक आहे, कुजत नाही. माती उपसण्यापूर्वी एकेक तोफ, एकेक माणूस मोजून वेचावा आणि कापसात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवावा.