करपा उपाशी येतो, युरियावर पोसतो



आज फोटो नाही, नुसतं लिखाण आहे आणि जरा लांब आहे. सवडीने वाचा, पण भाताला युरियाचा पुढचा हप्ता टाकायच्या आधी वाचा.

चार वर्षांमागची गोष्ट. माझ्या खालच्या खाचरात इंद्रायणी होती. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यापेक्षा आपलं भात हिरवंगार दिसावं ही हौस, म्हणून युरिया हात सैल सोडून फेकला. भात दिसलंही तसंच, येणारा-जाणारा थांबून बघायचा. भाद्रपदात आभाळ भरून राहिलं, सकाळी पानावर दव. आठ-दहा दिवसांत पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मधे राखाडी, कडेला तपकिरी. लोंबी बाहेर पडली आणि मानेतच मोडली. झोडपणीला दाण्यापेक्षा पळंज जास्त. वरच्या खाचराला मात्र गोणी संपली म्हणून युरिया कमी पडला होता, ते बरंचसं सुटलं. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

पुढच्या वर्षी मुलगी कृषीच्या अभ्यासाला गेली. एकदा घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, करप्याची बुरशी उपाशी असली की तिची हल्ल्याची हत्यारं बाहेर येतात." मला पटेना. म्हणलं, उपाशी बुरशी हल्ला करते तर मग माझ्या भरल्या ताटावर कशी येऊन बसली? या एका प्रश्नापायी तिच्याकडून बरंच वाचून घेतलं. ते सगळं इतिहासाच्या क्रमाने सांगतो.

हा रोग जुना आहे. चीनमध्ये १६३७ साली सोंग यिंगशिंग याने शेती आणि कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात भाताच्या या दुखण्याची नोंद सापडते, तीही भाताचा 'ताप' म्हणून. इटलीतले भातवाले याला 'ब्रुसोने' म्हणतात, म्हणजे जळकं. आपण म्हणतो करपा. तीन मुलखांतल्या माणसांना एकच दिसलं, की भात भाजलं. आपली मंडळीही आधी उन्हालाच दोष द्यायची. खरं तर या बुरशीला थंड रात्र आणि ओलं पान आवडतं. आपल्या देशात तंजावरच्या भातपट्ट्यातून १९१० नंतरच्या दशकात याच्या नोंदी आल्या. पुढे रासायनिक नत्र आलं आणि 'नत्र जादा तर करपा जादा' हे भातवाल्यांना अनुभवाने कळलं. पण बुरशीच्या आत काय चालतं ते कळायला १९९० चं दशक उजाडलं.

१९९१ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी या बुरशीचा जोर मोजला. बीजाणू पानावर पडतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला काळा घुमट तयार होतो. त्या घुमटातला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या चाळीसेक पट निघाला. त्या जोरावर बुरशी पानाला भोक पाडून आत शिरते. आता गंमत बघा. तोच बीजाणू प्रयोगशाळेत भरपूर खाऊ असलेल्या पाण्यात ठेवला तर घुमट नीट होत नाही, नुसते धागे वाढत राहतात. नुसतं पाणी आणि पानासारखा मेणचट पृष्ठभाग दिला की घुमट होतो. म्हणजे पोट भरलेलं असेल तर दार फोडायची गरजच वाटत नाही.

१९९३ साली पर्ड्यू विद्यापीठात टॅलबट, एबोल आणि हेमर यांनी शोध घेतला, की बुरशी भातात असताना कोणती जनुकं जास्त चालतात. जनुक म्हणजे सूचना आणि प्रथिन म्हणजे त्या सूचनेवरून तयार झालेलं हत्यार, एवढं धरून चाला. त्यांना एक जनुक सापडलं, त्याला एमपीजी-१ नाव दिलं. ते भाताच्या आत बाहेरच्यापेक्षा ६० पट जास्त चालत होतं. त्यापासून होणारं प्रथिन छोटं आणि पाणी झटकणारं, आपल्या अळूच्या पानासारखं. त्याच्यामुळे बुरशीला मेणचट पानावर घुमट बांधता येतो. ते जनुक मोडलं तर घुमट नीट होईना आणि रोगही कमी पडला. आणि मुद्द्याची गोष्ट अशी, की हेच जनुक बशीत वाढणाऱ्या बुरशीचं नत्र किंवा कर्ब तोडल्यावरही जोरात चालू झालं. नुसत्या उपासाने हत्यार बाहेर आलं.

१९९४ साली हॉलंडमध्ये वागेनिंगेनला टोमॅटोच्या पानावरच्या बुरशीत तसंच दिसलं. ती बुरशी पानात एक इवलंसं प्रथिन सोडते, एव्हीआर-९ नावाचं, फक्त २८ कड्यांचं. नत्र कमी पडलं की त्याचं जनुक चालू होतं. इथे मात्र भूक बुरशीच्याच अंगाशी येते. काही टोमॅटो वाण हे प्रथिन ओळखतात, बुरशीच्या भोवतीच्या स्वतःच्या पेशी मारून टाकतात आणि तिला तिथेच कोंडतात. चोराच्या हातातल्या कंदिलानेच चोर सापडावा तसं.

म्हणजे सगळा खेळ भुकेचा, असं वाटायला लागलं होतं. पण १९९६ साली करप्याच्या बुरशीतलं नत्र सांभाळणारं मुख्य जनुक काढून बघितलं, तरी तिने भाताला रोग पाडलाच. तेव्हा कळलं की भूक हे एक बटण आहे, एकमेव नाही.

२००६ साली टॅलबट यांच्याच गटाने, इंग्लंडमध्ये एक्सेटरला, आणखी एक गोष्ट दाखवली. बीजाणूच्या तीन पेशी असतात. घुमट भरताना त्या तिन्ही पेशी स्वतःला पचवतात आणि आतला माल घुमटाकडे जातो. ही स्वतःला खायची सोय बंद केली तर बुरशीला आत शिरताच येत नाही. २०११ साली कोरियातल्या शास्त्रज्ञांनी बुरशी नत्रासह आणि नत्राविना वाढवली आणि ती बाहेर काय काय सोडते ते प्रथिनं मोजून ताडून बघितलं. उपाशी बुरशीने सोडलेली प्रथिनं वेगळी निघाली, त्यात पेशींच्या भिंती फोडणारीही होती.

आता माझा प्रश्न. भूक बुरशीची, पण ती लागते कुठे? पानाच्या वर. दवाच्या थेंबात खायला जवळपास काही नसतं, मग तुम्ही शेतात एक गोणी टाका नाहीतर चार. दारात ती उपाशीच असते, म्हणून दार फोडते. आत शिरल्यावर काय वाढून ठेवलंय, ते मात्र आपल्या हातात असतं. २०१७ साली फ्रान्समधल्या कामात दिसलं, की जादा नत्र दिलेल्या भातात बुरशीची रोग पाडणारी जनुकं जास्त चालतात आणि भातातल्या ग्लुटामाइन नावाच्या नत्रयुक्त पदार्थाचा त्यात हात आहे. मी हिरवंगार भात म्हणून मिरवत होतो ते तिच्यासाठी वाढलेलं ताट होतं.

पण याचा अर्थ नत्र बंद करा असा काढू नका. भातावर तपकिरी ठिपक्यांचा दुसरा बुरशीजन्य रोग आहे, तो उलट कुपोषित भातावर चढतो, हलक्या आणि उपाशी जमिनीत. १९४२ साली बंगालमध्ये त्याने भाताचं मोठं नुकसान केलं. पुढच्या वर्षीच्या दुष्काळाला युद्ध, भाव आणि सरकारी धोरण अशी मोठी कारणं होती, पण हा रोगही त्या काळातलाच. म्हणजे भाताला उपाशीही ठेवायचं नाही आणि एकदम कोंबायचंही नाही.

मी आता युरिया हप्त्याने देतो. ढगाळ हवा आणि सकाळचं दव चार दिवस सलग दिसलं तर हातातला हप्ता थांबवतो. माती तपासून पालाश बघतो. भात पूर्वीसारखं काळपट हिरवं दिसत नाही, शेजारी हसतो. हसू दे. झोडपणीला पळंज कमी निघतं.

तुमच्याकडे करपा आधी कोणत्या खाचरात येतो? युरिया जादा पडलेल्या की कमी पडलेल्या? खाली लिहा, वाणाचं नावही टाका.